दफ्तरातील सुधारणा : करवीर संस्थानच्या राज्यकारभारावरील ग्रंथाची प्रस्तावना

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात जो हुकूम प्रसिद्ध झाला, त्याचा उल्लेख महाराष्ट्रात आज इतक्या वेळा होतो की तो प्रत्येकाने मुळातून वाचलेलाच असावा असा समज सहज व्हावा. प्रत्यक्षात मात्र त्याचा आशय एका वाक्यात सांगून पुढे जाण्याचीच रीत आपल्याकडे पडली आहे. शाहू छत्रपती त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते, आणि संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात असे त्यांनी फर्माविले, एवढे आपण सांगतो व थांबतो. परंतु हुकूम तेथे थांबत नाही. मागासलेले वर्ग कोणते याविषयी पुढे कोणाला शंका काढता येऊ नये म्हणून ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व, अशी व्याख्या तो तेथल्या तेथे करून टाकतो. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण पन्नासाहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी असे बजावतो. आणि अखेरीस, या आज्ञेचा परिणाम काय झाला हे सरकारला कळावे यासाठी प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस पत्रक सादर करावे, असे सांगतो.

या शेवटच्या, सर्वांत रूक्ष आणि म्हणूनच सर्वांत कमी उद्धृत होणाऱ्या तरतुदीत मला शाहू महाराजांच्या राज्यनीतीचे मर्म दिसते. उदार भावनेचे हुकूम काढणारे राजे हिंदुस्थानात त्यांच्या आधीही झाले व नंतरही झाले. पण आपला हुकूम मामलेदाराच्या कचेरीत पोहोचल्यावर अव्वल कारकुनाच्या पेटीत निजून राहील, त्याला उठविण्यासाठी दर तीन महिन्यांनी कोणीतरी हिशेब मागितला पाहिजे, हे ओळखणारे राज्यकर्ते विरळा. प्रस्तुत ग्रंथात १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडापासून १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंतच्या करवीरच्या कारभाराचा विचार केला आहे. राज्याची सुधारणा ही घोषणेत, दरबारात किंवा कायद्याच्या पुस्तकात होण्याआधी दफ्तरात व्हावी लागते, आणि ते दफ्तर ज्याच्या हाती असते त्याच्या हाती रयतेच्या दृष्टीने खरे राज्य असते, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे.

करवीरने, म्हणजे कोल्हापूरने, हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला होता. १८३८ मध्ये शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज निवर्तले तेव्हा गादीचा वारस अल्पवयी होता. कंपनी सरकारने आपल्या विश्वासातील दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले, आणि या कारभाऱ्यांनी जमाखर्चाची घडी बसविण्यासाठी ज्या सुधारणा हाती घेतल्या त्यांत किल्ल्यांच्या शिबंदीकडे, म्हणजे गडकऱ्यांकडे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणण्याची योजना होती. कागदावर पाहता तीत दोष काढणे कठीण. जमिनीचा हिशेब सरकारात रुजू असावा यात वावगे ते काय? परंतु ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना कोणी विचारले नव्हते, समजावले नव्हते, व दाद मागण्याचे ठिकाणही त्यांना उरले नव्हते. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले, भुदरगड त्यांच्या मागोमाग गेला, वणवा सावंतवाडीपर्यंत पसरला, आणि शांतता झाली तेव्हा गडांच्या तटबंद्या पाडल्या गेल्या व बंड मोडण्याच्या खर्चाचा बोजा संस्थानच्याच तिजोरीवर चढला. सुव्यवस्थेच्या नावाने केलेला, पण लोकांच्या विश्वासाचा आधार नसलेला कारभार कोठे जाऊन पोहोचतो याचे याहून बोलके उदाहरण दक्षिण महाराष्ट्राच्या इतिहासात मला आढळलेले नाही.

पुढील चाळीस वर्षे कोल्हापूरच्या नशिबी स्थैर्य नव्हते. तरुण राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागून दत्तक आलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडसर ठरवून नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी जो मजकूर छापला त्यावरून कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि टिळक व आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून आले, हे महाराष्ट्राला ठाऊकच आहे. त्या खटल्यातील सत्यासत्याचा ऊहापोह येथे अप्रस्तुत होईल. माझ्या दृष्टीने त्यातून दिसणारी गोष्ट निराळी आहे : राजा बंदिवान, कारभारी पोलिटिकल एजंटाला जबाबदार, एजंट मुंबई सरकारला जबाबदार, आणि आठ लाखांच्या आसपास असलेल्या रयतेला जबाबदार असा या साऱ्या उतरंडीत कोणीही नाही.

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव, म्हणजेच पुढचे शाहू महाराज, १८८४ च्या मार्चमध्ये चौथ्या शिवाजींच्या राणी आनंदीबाईसाहेबांच्या मांडीवर दत्तक आले, राजकोट येथे व नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली शिकले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्यांनी काय पाहिले? सामान्य कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच, ब्राह्मण, वर्गातील होते. या आकड्याकडे केवळ जातींच्या चढाओढीचा आकडा म्हणून पाहणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. ब्राह्मण अधिकाऱ्यांत विद्वान, कर्तबगार व सचोटीची माणसे होती, आणि ब्राह्मणांशी महाराजांचा व्यक्तिगत स्नेहही होता. पण जेथे तक्रार करणारा एका समाजातला आणि तक्रार लिहिणारा, पोहोचविणारा, ऐकणारा व निकाल देणारा असे सर्वजण दुसऱ्या एकाच समाजातले असतात, तेथे प्रत्येकजण व्यक्तिशः साधुपुरुष असला तरी न्यायाची यंत्रणा आंधळी होते, कारण चुकीकडे बोट दाखविणारा माणूसच तिच्यात शिल्लक राहत नाही. १८९५ मध्ये भास्करराव जाधव यांची असिस्टंट सरसुभे म्हणून झालेली नेमणूक या दृष्टीने पाहिली पाहिजे. १९१२ पर्यंत त्याच कारभारात अधिकाऱ्यांची संख्या ९५ झाली होती व त्यांत ब्राह्मण ३५ होते. पोलिटिकल एजंटाची नजर, मुंबई सरकारची मर्जी आणि स्थानिक वृत्तपत्रांचा रोष या तिन्हींतून वाट काढीत, अठरा वर्षांत, एकाही माणसाला केवळ जातीसाठी काढून न टाकता, रिकाम्या होणाऱ्या जागा भरत भरत हा पालट घडविण्याला जो धीर लागतो, तो लढाईतील शौर्याहून कमी प्रतीचा नव्हे. म्हैसूर संस्थानाने मिलर समिती १९१८ मध्ये नेमली आणि मद्रास इलाख्याचा जातवार नेमणुकांचा सरकारी ठराव १९२१ चा, हे ध्यानात घेतले म्हणजे करवीरच्या हुकमाचे वय कळते.

अधिकाऱ्यांच्या जागा बदलल्या तरी गाव बदलत नाही. म्हणून या ग्रंथातील सर्वांत प्रदीर्घ प्रकरण मी कुलकर्णी वतनाला दिले आहे, आणि वाचकांनी कंटाळा न करता ते वाचावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कोल्हापूरचा सामान्य शेतकरी जन्मभरात महाराजांना दोनदा पाहत असेल, मामलेदाराला दहादा; कुलकर्ण्याला मात्र तो रोज पाहत असे. गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरात, त्याच्या वडिलांच्या पेटीत, त्याच्याच अक्षरात असे. कोणाच्या नावावर कोणती जमीन, किती आकार, किती वसूल व किती बाकी, तगाई कोणी उचलली, वाटणी कशी झाली, बांध कोणाचा, हे सारे त्या कागदांत होते, आणि ते कागद वाचू शकणारा गावात बहुधा तो एकटाच. पावती देणारा तो, पावती वाचून दाखविणाराही तोच. त्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा तर तो अर्ज लिहिण्यासाठी पुन्हा त्याच्याच ओट्यावर जावे लागे, कारण लिहिता येणारे दुसरे घर गावात असलेच तर ते त्याच्या भाऊबंदाचे असे. वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे त्याची बदली होत नसे, आणि बडतर्फी झाली तरी त्याच्या जागी येणारा त्याच घराण्यातला असे. ज्यांनी हे अधिकार सचोटीने वापरले, दुष्काळात रयतेची बाजू हुजुरात मांडली, तंटे मिटविले, अशा कुलकर्णी घराण्यांची नावे करवीरच्या गावागावांत आजही आदराने घेतली जातात, आणि त्यांचे ऋण नाकारणे हे इतिहासाशी बेइमानी करणे होईल. पण रयतेला सज्जन कुलकर्णी मिळणे हा दैवाचा भाग होता, हक्काचा नव्हता. आणि दैवावर चालणाऱ्या व्यवस्थेला राज्यव्यवस्था म्हणता येत नाही.

१९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा उठलेले वादळ राजघराण्याच्या वेदोक्त विधींच्या हक्कावरून पूर्वी उठलेल्या वादळाहून लहान नव्हते. कुलकर्ण्यांच्या परिषदा भरल्या, पुण्याच्या वृत्तपत्रांनी त्यांची बाजू घेतली, आणि शतकानुशतकांचे हक्क एका फटकाऱ्याने हिरावून घेतल्याचा आरोप झाला. त्या आरोपात तथ्यांश नव्हता असे मी म्हणणार नाही. ज्या कुटुंबांची उपजीविका वतनावर होती त्यांच्यावर संकट कोसळलेच. तथापि या बदलासाठी महाराजांनी आधी जी तयारी केली होती तिची नोंद टीकाकारांनी घेतली नाही. दिल्ली दरबाराचे स्मारक म्हणून गावच्या पाटलांना शिकविणारी शाळा त्यांनी काढली होती. तलाठ्यांना दफ्तराचे काम शिकविण्याची सोय केली होती. आणि या शिकवून तयार केलेल्या तलाठ्यांत अस्पृश्य समाजातील तरुणही होते. ज्या माणसाच्या सावलीचा विटाळ मानावयाचा, त्याच्याकडे आपल्या शेताचा उतारा मागण्यासाठी जावयाचे, सरकारी कामापुरते का होईना त्याच्यासमोर उभे राहून त्याला मानाने बोलावयाचे : शंभर व्याख्यानांनी जो संस्कार गावावर झाला नसता, तो या एका नेमणुकीने झाला असे मला वाटते.

तलाठी पगारी झाला म्हणून प्रामाणिक झाला, असे समजण्याचे कारण नाही. तो परका असे, गावाची नड त्याला ठाऊक नसे, आणि ‘वरकमाई’ ही वतनाबरोबर खालसा झाली नाही, हे आपण सर्वजण जाणतो. फरक पडला तो असा की त्याची बदली होऊ शकत होती, त्याचे दफ्तर सरकारचे होते, आणि त्याच्याविरुद्ध लिहू शकणारा दुसरा माणूस गावात तयार होऊ लागला होता. हा दुसरा माणूस तयार व्हावा यासाठीच १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा होता. गोखल्यांचे शिक्षणविधेयक वरिष्ठ कायदेमंडळात १९१२ मध्ये फेटाळले गेले होते. बडोद्याने १९०६ मध्ये सक्ती केली होती. करवीरने तिसरा मार्ग शोधला नाही, बडोद्याचाच धडा गिरविला, पण मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवून आपण हा विषय जमाबंदीइतकाच गांभीर्याने घेतो हे दाखविले. १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली गावी या योजनेची सुरुवात झाली. शिक्षणाच्या इतिहासात या कायद्याचे वर्णन पुष्कळ झाले आहे. येथे त्याचा विचार दफ्तर वाचता येणारी रयत घडविण्याचा उपाय म्हणून केला आहे.

त्याच १९१८ साली महार वतनाची जमीन रयताव्याने ज्याची त्याच्या नावे करून देण्याचा आणि महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज पाटलापुढे द्यावी लागणारी हजेरी बंद करण्याचा हुकूम निघाला. महार वतन म्हणजे तुटपुंज्या तुकड्याच्या मोबदल्यात साऱ्या घराण्याने अहोरात्र, कोणत्याही अधिकाऱ्याच्या हाकेसरशी धावण्याची बांधिलकी. मुंबई राज्याने हलकी गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ मध्ये केला, म्हणजे करवीरच्या हुकमानंतर चाळीस वर्षांनी; मधल्या काळात, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्याविषयी आणलेले विधेयक मंजूर होऊ शकले नाही. अस्पृश्य उमेदवारांना वकिलीच्या सनदा देण्यामागेही तोच विचार होता. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांचा पुढारी म्हणून जो जाहीर पुरस्कार केला, त्याची थोरवी यात आहे की आपल्यानंतर आपली गरज उरू नये, अशी एका राजाने केलेली ती तजवीज होती.

दुर्दैवाने ही तजवीज राज्याच्या घटनेत झाली नाही, आणि येथे मला शाहू महाराजांच्या कारकिर्दीची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण प्रस्तावना ही आरती नव्हे. प्रत्येक सुधारणा हुजुरातून खाली आली. जबाबदार कायदेमंडळ नव्हते. हुकूम चुकला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे महाराजांनाच भेटणे. ते भेटतही असत, सोनतळीच्या कॅम्पावर, रस्त्यात, शिकारीच्या वाटेवर, कोणालाही. परंतु राजा सुलभ असणे म्हणजे राज्य जबाबदार असणे नव्हे. ६ मे १९२२ रोजी मुंबईत अठ्ठेचाळीस वर्षांचे होण्याआधीच ते गेले. त्यांच्यामागे टिकले काय, याचा शोध घेताना मला असे आढळले, की ज्या संस्थांचा भार लोकांनी उचलला होता त्या उभ्या राहिल्या. १९०१ ची मराठा व जैन, १९०६ ची मुसलमान, १९०८ ची मिस क्लार्क यांच्या नावाची, व त्यापुढची इतर वसतिगृहे ही त्यांची ठळक उदाहरणे. ही वसतिगृहे जातवार होती म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते, आणि त्यांतून निघालेल्या काही पुढाऱ्यांनी शिक्षणाऐवजी जातीलाच भांडवल केले हे खरे आहे; पण कुंभोजचे भाऊराव पाटील याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकले आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली, हेही तितकेच खरे आहे. बी एकाच वाणाचे असले तरी रान कसणाऱ्याच्या हातावर पीक अवलंबून राहते.

महाराजांच्या शाळांत शिकलेल्या पिढीने त्यांच्या गादीकडेच हिशेब मागितला, हा या इतिहासाचा मला सर्वाधिक आनंद देणारा भाग आहे. सत्यशोधक पत्रकार खंडेराव बागल यांचे चिरंजीव माधवराव बागल, आणि रत्नाप्पा कुंभार, यांनी १९३९ मध्ये उभी केलेली प्रजा परिषद शेतसारा कमी करा, जबाबदार राज्यपद्धती द्या, असे म्हणत तुरुंगात गेली. शाहू महाराजांविषयी माधवरावांच्या मनातली भक्ती तिळभरही कमी नव्हती. राजर्षींवर प्रेम करावे आणि राजेशाहीशी लढावे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले.

यापुढचा भाग या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा असला तरी तो मनात ठेवल्यावाचून मी एकही पान लिहू शकलो नाही. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. साखर कारखाने, दूध संघ, सेवा सोसायट्या यांचे जाळे या जिल्ह्यात असे विणले गेले की देशभरातून लोक ते पाहावयास आले, आणि रत्नाप्पा कुंभार, तात्यासाहेब कोरे यांसारख्या माणसांनी रयतेच्या पैशातून रयतेचे धन उभे करून दाखविले. त्याच जिल्ह्यात आज ज्याचा ऊस उभा आहे त्याला तोडीची पाळी कधी लागेल याची चिंता असते, आणि ती पाळी आपण मत कोणाला दिले यावर तर ठरणार नाही ना, अशी धास्तीही मनात असते. कर्जाची शिफारस, पोराची नोकरी, दुधाचे संकलन, पाण्याचा परवाना या सर्व दोऱ्या थोड्या घराण्यांच्या हाती एकवटल्या, तर निवडणूक होते पण निवड होत नाही. कुलकर्ण्याच्या पेटीतले दफ्तर सरकारात आले. हे नवे दफ्तर कोणाच्या पेटीत आहे, हा प्रश्न कोल्हापूरच्या तरुणांनी विचारला पाहिजे, आणि त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार व २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा ही दोन हत्यारे त्यांच्या हाती आहेत. ग्रामसभेत उठून जमाखर्च वाचावयास लावणारा एक माणूस प्रत्येक गावात निघाला, तर तिमाही पत्रक मागणाऱ्या राजाची उणीव भासणार नाही.

ग्रंथाच्या रचनेविषयी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. वेदोक्त प्रकरणाला येथे एकच आटोपशीर प्रकरण दिले आहे. त्यावर विपुल लेखन झालेले असून, कारभाराच्या दृष्टीने त्यातील राजोपाध्यांच्या वतनजप्तीचा भागच महत्त्वाचा आहे. भोगावतीवरील राधानगरीच्या धरणाचे, शाहूपुरीच्या बाजारपेठेचे व गिरणीचे विवेचनही त्यांच्या बांधणीपेक्षा त्यांच्या हिशेबाच्या अंगाने केले आहे, कारण १९०७ मध्ये आरंभिलेले आणि पैशाअभावी १९१८ च्या सुमारास थांबलेले धरणाचे काम स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, यात संस्थानच्या तिजोरीची सारी कहाणी आहे. डॉ. विलास संगवे यांनी शिवाजी विद्यापीठातर्फे संपादिलेल्या शाहू महाराजांच्या कागदपत्रांच्या खंडांवाचून या विषयाकडे वळण्याचे धाडस कोणालाही झाले नसते. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरींचे अधिकार वेगळे व त्यांची दफ्तरेही वेगळी असल्यामुळे येथील विवेचन मुख्यतः करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज व भुदरगड या खालशाच्या पेट्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. हुजूरचा हुकूम जहागिरीच्या शिवेवर पोहोचल्यानंतर त्याचे काय होत असे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असून, मोडी उत्तम वाचणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाने तो लवकर हाती घ्यावा अशी माझी इच्छा आहे.